अपडेटमध्ये अडकलेला रेकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी

विषय : यूएसबी रेकॉर्डरचे फर्मवेअर अद्ययावत करताना येणारी ड्रायव्हरची अडचण

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातील जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी, याविषयीचा लेख वाचला. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असले, तरी जुने मोबाइल, चार्जर आणि रेडिओ आजही भंगारवाल्याच्या गाडीवरच जातात. त्यामुळे असा लेख येणे गरजेचेच होते. मात्र सॉफ्टवेअर अपडेट करताना बंद पडलेले ध्वनिमुद्रक दुरुस्त होत नाहीत, ते थेट संकलन केंद्रात द्यावेत, असा जो सल्ला त्यात ओघात दिला आहे, तो वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्यामुळे अनेकांचे विनाकारण नुकसान होईल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

मिरजेत माझे संगणक दुरुस्तीचे आणि ध्वनिमुद्रणाच्या साधनांच्या देखभालीचे काम चालते. तंतुवाद्यांचे गाव असल्यामुळे गायन-वादन शिकणारी मुले, संगीत वर्गांचे चालक, पंचक्रोशीतील कीर्तनकार आणि लोकगीते गोळा करणारे महाविद्यालयीन अभ्यासक अशी सर्व प्रकारची माणसे यूएसबी केबलने संगणकाला जोडता येणारे रेकॉर्डर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्ये संगणकाला जोडून देणारे डबे) घेऊन येतात. ‘अपडेट करायला घेतले आणि मेले’ असे सांगत आणलेल्या यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे माझ्या अनुभवात मेलेली नसतात. ती संगणकाशी बोलायला तयार असतात, पण त्या क्षणी त्यांची भाषा संगणकाला कळवून देणारा ड्रायव्हर तिथे नसतो. बिघाड संगणकात असतो आणि शिक्षा रेकॉर्डरला होते.

हे कसे घडते, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ते समजले की पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात. कोणतेही यूएसबी यंत्र जोडल्याबरोबर संगणकाला आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगते. पहिला उत्पादकाचा म्हणजे व्हेंडर आयडी आणि दुसरा त्या विशिष्ट उत्पादनाचा म्हणजे प्रॉडक्ट आयडी. विंडोज ही जोडी आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या यादीत शोधते आणि जुळणारा ड्रायव्हर कामाला लावते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आत साठवलेला, त्याला चालवणारा प्रोग्रॅम. ते अद्ययावत करताना रेकॉर्डरला स्वतःचा हा नेहमीचा प्रोग्रॅमच पुसून नवा लिहायचा असल्यामुळे तो आधी स्वतःला बंद करतो आणि बूटलोडर नावाच्या एका छोट्या, वेगळ्या जागी राखून ठेवलेल्या प्रोग्रॅमवर पुन्हा सुरू होतो. या अवस्थेत तो संगणकाला बहुधा वेगळाच प्रॉडक्ट आयडी सांगतो. एकाच नटाने पहिल्या अंकात राजा आणि दुसऱ्या अंकात फकीर व्हावे आणि दारावरच्या माणसाने फकिराला ओळखच नाही म्हणून अडवावे, तसा हा प्रकार असतो. आदल्या क्षणापर्यंत उत्तम चालणारा रेकॉर्डर विंडोजच्या दृष्टीने आता एक अनोळखी यंत्र झालेला असतो, अपडेटचा प्रोग्रॅम त्याची वाट पाहत थांबतो, पडद्यावरची पट्टी मध्येच गोठते आणि काही वेळाने ‘डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश येतो. कंटाळून माणूस केबल उपटतो. तोवर जुने फर्मवेअर पुसले गेले असेल, तर रेकॉर्डरच्या पडद्यावर पुढे काहीच उमटत नाही आणि यंत्र मेले अशी सर्वांची खात्री पटते.

परंतु बूटलोडर बहुधा शाबूत असतो. बाजारातील पुष्कळ लहान यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या एसटीएम३२ मालिकेतील मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या चिपचे, उदाहरण घेण्यासारखे आहे. त्यांतील बूटलोडर चिप बनवणारी कंपनीच कारखान्यात कायमचा बसवते आणि वापरणाऱ्याला तो पुसता येत नाही. यूएसबीवरून अपडेटची सोय असलेली अशी चिप त्या अवस्थेत संगणकाला जोडली, तर व्हेंडर आयडी ०४८३ आणि प्रॉडक्ट आयडी डीएफ११ अशी ओळख दिसते, मग बाहेरच्या डब्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो. यूएसबीवरून फर्मवेअर बदलण्याची एक सर्वमान्य पद्धतही ‘डिव्हाइस फर्मवेअर अपग्रेड’ या नावाने ठरलेली आहे आणि तिची १.१ ही आवृत्ती २००४ सालची आहे. म्हणजे अर्धवट राहिलेले अपडेट पुन्हा करता यावे, याची तरतूद या क्षेत्रात जुनी आहे. सर्वच उत्पादक ती नीट पाळतात असे नाही. काही स्वस्त यंत्रांत बूटलोडरही त्याच पुसण्याच्या फेऱ्यात सापडतो आणि ती यंत्रे मात्र खरोखरच हातची जातात. पण हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो.

मागे एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाचा रेकॉर्डर माझ्याकडे आला होता. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या वयस्कर बायकांचे आवाज त्यावर साठवले जात होते आणि अधिक क्षमतेचे कार्ड चालावे म्हणून फर्मवेअर बदलायला घेतले असता तो अडकला होता. शहरातील एका दुकानात ‘बोर्ड गेलं, नवीन घ्या’ असे सांगून नव्या यंत्राचे दरपत्रकही त्यांच्या हाती ठेवण्यात आले होते. रेकॉर्डर जोडून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवणारी विंडोजमधील खिडकी, उघडल्यावर ‘अदर डिव्हायसेस’ या शीर्षकाखाली पिवळा त्रिकोण असलेली एक ओळ दिसली. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड २८, म्हणजे या यंत्रासाठी ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच निरोप होता. यंत्र स्वतःची ओळख नीट सांगत होते, हे त्यावरून उघड झाले. मग ड्रायव्हर गेला कुठे, तर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या झिप फाइलमध्येच तो एका उपफोल्डरमध्ये पडून होता. झिप फाइल न उलगडता, तिच्या आतल्या आतच सेटअपवर दोनदा टिचकी मारली, की विंडोज फक्त तो एक प्रोग्रॅम तात्पुरत्या जागी काढून चालवते आणि शेजारच्या फाइली त्याला सापडतच नाहीत. संपूर्ण झिप उलगडून, त्या पिवळ्या त्रिकोणाच्या ओळीवर उजवी टिचकी मारून, ‘अपडेट ड्रायव्हर’मधून संगणकावरील तो फोल्डर दाखवल्यावर त्रिकोण गेला आणि अपडेट पहिल्यापासून पुन्हा चालवून पूर्ण झाले. या दुरुस्तीत सुटा भाग एकही बदलावा लागला नाही.

डिव्हाइस मॅनेजरमधील हे कोड सामान्य माणसाला गूढ वाटतात, पण त्यांतील चार-पाच कळले तरी पाणी कुठे मुरते आहे ते लक्षात येते. कोड २८ वर सांगितलाच. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हर सापडला, पण त्याची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर बसला, पण यंत्र सुरू होऊ शकले नाही. चुकीच्या आवृत्तीचा किंवा दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसला असता हे पुष्कळदा दिसते. कोड ३९ ड्रायव्हरची फाइल गहाळ, बिघडलेली किंवा अडवलेली असल्याचे सांगतो. कोड ४३ सोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे दिसले, तर यंत्राला आपली ओळखही नीट सांगता आलेली नाही. तिथे ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल, पोर्ट आणि हब (एका पोर्टाची अनेक पोर्टे करणारा जोड) यांकडे वळावे. त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले, की वर सांगितलेले दोन्ही क्रमांक दिसतात. कंपनीकडे तक्रार करताना ‘चालत नाही’ एवढेच लिहिण्याऐवजी हे क्रमांक आणि कोड लिहिले, तर समोरच्याला ताकास तूर लागू न देता टोलवाटोलवी करणे अवघड जाते. याहून खोलात जायचे असल्यास विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधील ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग’ ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. ड्रायव्हर बसवताना काय काय झाले याची तीत नोंद असते आणि जिथे गाडी अडली, त्या ओळीच्या आरंभी तीन उद्गारचिन्हे असतात.

केबलचा उल्लेख आला आहे, तर त्यावर थोडे थांबतो, कारण या कामात सर्वांत जास्त वेळ तिच्यापायी वाया जातो. हल्ली दिवे, पंखे, ट्रिमर अशा वस्तूंसोबत ज्या यूएसबी केबल मिळतात, त्यांतील अनेकींत केवळ विजेच्या दोन तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलने रेकॉर्डरचा दिवा लागतो, बॅटरी भरते, आणि संगणक मात्र ढिम्म राहतो. त्याच केबलने मोबाइल जोडून त्यातील फाइली संगणकावर दिसतात का, हे पाहिले तर मिनिटभरात उलगडा होतो. टेबलाखालच्या संगणकाच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब तारेने जोडलेले असतात, म्हणून अपडेटसाठी मागचे, मदरबोर्डवरचे पोर्ट वापरावे. हब मध्ये घालू नये. आणखी एक बारकावा असा की, ज्या यंत्राला स्वतःचा अनुक्रमांक सांगण्याची सोय नसते, ते दुसऱ्या पोर्टात लावले की विंडोज त्याला नवे यंत्र समजून ड्रायव्हर बसवण्याचा सोपस्कार पुन्हा सुरू करते. म्हणून ज्या पोर्टात ड्रायव्हर बसला, त्याच पोर्टातून अपडेट करावे. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी मध्येच यूएसबी पोर्टला झोपवतो, तेही पॉवर ऑप्शन्समध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून थांबवता येते.

आता डिजिटल सहीचा प्रश्न, जो जुन्या यंत्रांच्या मालकांना सर्वाधिक छळतो. ६४-बिट विंडोज व्हिस्टापासूनच संगणकाच्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर सही असणे बंधनकारक झाले. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचीच सही असावी लागते. त्यानंतर विंडोजच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये ‘कोअर आयसोलेशन’खाली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय आली, जी नव्या विंडोज ११ संगणकांवर बहुधा आधीपासूनच सुरू असते आणि तिच्या कसोटीला न उतरणारे जुने ड्रायव्हर चालू देत नाही. शिवाय विंडोज ११ ही फक्त ६४-बिट स्वरूपात येते, त्यामुळे विंडोज एक्सपीच्या काळातील ३२-बिट ड्रायव्हरची सीडी कितीही जपून ठेवली असली, तरी तिचा तिथे उपयोग नाही. हे निर्बंध उगाच घातलेले नाहीत. ड्रायव्हरच्या मिषाने संगणकाच्या गाभ्यात घुसणारे घातक प्रोग्रॅम रोखण्यासाठी ते आहेत आणि ते योग्यच आहेत, असे माझे मत आहे. तक्रार आहे ती उत्पादकांविषयी, ज्यांनी यंत्रे विकली, पण त्यांच्या ड्रायव्हरवर नव्याने सही करून घेण्याचे कष्ट घेतले नाहीत.

अशा वेळी शिफ्ट कळ दाबून ठेवून संगणक रीस्टार्ट केला, आणि ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन सातव्या क्रमांकाचा पर्याय निवडला, तर त्या एका सत्रापुरती सहीची सक्ती उठते, असे सर्रास सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण ते अर्धेच सांगितले जाते. ज्या संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे, तो या वाटेवर ते कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, मागू शकतो आणि ती जवळ नसेल, तर रेकॉर्डर राहील बाजूला आणि लॅपटॉपच उघडेना अशी पाळी येते. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा संस्थेचे हिशेब आहेत, त्यावर हा प्रयोग करूच नये. त्यापेक्षा इंटरनेटपासून तोडलेला, विंडोज ७ असलेला एखादा जुना लॅपटॉप केवळ अशा कामांसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. मी तसा ठेवला आहे आणि इतर व्यावसायिकांनाही ठेवण्याचा सल्ला देतो.

झॅडिग नावाचा एक मोफत प्रोग्रॅमही या संदर्भात सुचवला जातो. अनोळखी राहिलेल्या यंत्राला तो विनयूएसबी हा सर्वसाधारण ड्रायव्हर जोडून देतो आणि ज्या यंत्रांचे अपडेट वर सांगितलेल्या ‘डिव्हाइस फर्मवेअर अपग्रेड’ या पद्धतीने होते, त्यांना तो पुरतो. तो वापरताना यादीतून रेकॉर्डरची बूटलोडर अवस्थेतील ओळखच निवडली पाहिजे. घाईत नेहमीच्या अवस्थेतील ओळख निवडली, तर आवाजाचा ड्रायव्हर निघून जातो आणि अपडेट यशस्वी होऊनही संगणकाला माइक म्हणून तो दिसेनासा होतो. आणि यादीतून माउस किंवा कीबोर्ड निवडला गेला, तर काय होईल हे सांगायला नको. ज्यांना हे जमण्याची खात्री वाटत नाही, त्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुरू करून रेकॉर्डर जोडून पाहावा. तिथे ‘एलएसयूएसबी’ ही एक आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व यंत्रांचे दोन्ही क्रमांक दिसतात, त्यासाठी त्या यंत्राचा ड्रायव्हर लागत नाही. बंद समजला गेलेला रेकॉर्डर त्या यादीत दिसला, तर तो जिवंत आहे आणि दोष विंडोजमधील मांडणीचा आहे.

मुळात इतक्या ड्रायव्हरांचे जंजाळ का साचले, हा प्रश्न वाचकांना पडेल. यूएसबीवरून उच्च प्रतीचा आवाज वाहून नेण्याचे ऑडिओ क्लास २.० हे मानक २००६ साली ठरले. पण विंडोजने त्याचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये, विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून द्यायला सुरुवात केली. मधल्या अकरा वर्षांत प्रत्येक कंपनीने आपापला ड्रायव्हर लिहून घेतला आणि आपापले इन्स्टॉलर दिले. आज नेहमीच्या ध्वनिमुद्रणासाठी पुष्कळदा त्यांची गरज उरलेली नाही, तरीही जुन्या माहितीपत्रकाबरहुकूम माणूस ते बसवतो आणि चांगल्या चालणाऱ्या व्यवस्थेवर जुनाट ड्रायव्हर चढवतो. तसा तो चढला असल्यास डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडून, त्या रेकॉर्डरच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढून टाकाव्या, काढताना ड्रायव्हरची फाइलही पुसण्याच्या चौकटीत खूण करावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच उत्पादकाच्या पानावरचा चालू इन्स्टॉलर, रेकॉर्डर न जोडता, चालवावा. पुष्कळ माहितीपत्रकांत आधी सॉफ्टवेअर, मग केबल असा क्रम ठळक अक्षरांत छापलेला असतो; पण ते इंग्रजीत आणि बारीक टायपात असल्यामुळे डब्यातून निघून थेट कचऱ्यात जाते.

याउलट अनेक हातातल्या रेकॉर्डरांना अपडेटसाठी ड्रायव्हर लागतच नाही, हेही सांगितले पाहिजे. झूमच्या एच४एनसारख्या यंत्रात फर्मवेअरची फाइल मेमरी कार्डच्या मुळाशी, कोणत्याही फोल्डरबाहेर, ठेवायची असते आणि टॅस्कॅमच्या डीआर मालिकेत ती ‘युटिलिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची असते. मग माहितीपत्रकात सांगितलेली कळ दाबून धरून यंत्र सुरू केले, की ते स्वतःच ती फाइल वाचून घेते. संगणकाला जोडल्यावर असा रेकॉर्डर पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यासाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. इथे अडचणी निराळ्या येतात. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली, तर ब्राउझर तिच्या नावापुढे कंसात एक असा आकडा लावतो आणि ठरावीक नावाचीच फाइल शोधणाऱ्या रेकॉर्डरला ती दिसत नाही. कार्ड ६४ जीबीचे असेल, तर ते बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेले असते, जे जुन्या रेकॉर्डरांना वाचता येत नाही. म्हणून ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करून घ्यावे, अर्थात आधीची मुद्रणे दुसरीकडे उतरवून झाल्यावर. बॅटरी ताजी असावी. अपडेटनंतर तारीख-वेळ मूळपदावर गेलेली नाही ना, हे न विसरता पाहावे, कारण ज्यांचे काम नोंदींचे आहे, त्यांच्या लेखी चुकीच्या तारखेचे मुद्रण म्हणजे पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल आहे. आणि कीर्तनाच्या किंवा मैफलीच्या आदल्या संध्याकाळी, सर्व काही सुरळीत चालत असताना, केवळ नवी आवृत्ती आली म्हणून अपडेट करू नये, हे तर मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

या सगळ्यात एक धोका ड्रायव्हरपेक्षाही मोठा आहे. इंटरनेटवर रेकॉर्डरचे नाव आणि ‘ड्रायव्हर’ हा शब्द टाकला, की उत्पादकाच्या पानाआधी ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ देऊ करणाऱ्या संकेतस्थळांची रांग लागते. त्यांतून उतरवलेल्या गोष्टींनी संगणक जाहिरातींनी भरून जातो, कधी त्याहून वाईट होते. ‘ग्राहक सेवा’ म्हणून जे दूरध्वनी क्रमांक दिसतात, त्यांतील काहींवर बोलणारी माणसे संगणक दुरून हाताळण्याचे ॲप बसवायला सांगतात आणि मग रेकॉर्डरचा विषय मागे पडून बँक खात्याचा विषय पुढे येतो. ड्रायव्हर बसवण्यासाठी बँकेची माहिती किंवा ओटीपी कधीही लागत नाही. असे घडलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आता उत्पादक आणि विक्रेते यांच्याकडे वळतो. एखादे मॉडेल बंद केले, की त्याचे ड्रायव्हर आणि फर्मवेअरही संकेतस्थळावरून काढून टाकण्याची पद्धत बंद व्हायला हवी. दोन-चार मेगाबाइटच्या फाइली सांभाळायला कोणत्याही कंपनीला ओझे होऊ नये. प्रत्येक मॉडेलच्या पानावर नेहमीच्या आणि बूटलोडर अवस्थेतील ओळख-क्रमांक, अर्धवट राहिलेले अपडेट पुन्हा सुरू करण्याची कळ, आणि तो ड्रायव्हर विंडोजच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतो, एवढे तरी लिहिलेले असावे. आणि महाराष्ट्रात विक्री होत असेल, तर ते मराठीतही असावे. हे अशक्य नाही. पक्षी, वटवाघळे आणि बेडूक यांच्या आवाजांची नोंद घेण्यासाठी जगभर वापरला जाणारा ऑडिओमॉथ हा छोटा रेकॉर्डर पाहावा. त्याच्या फर्मवेअरचा मूळ स्रोत सर्वांसाठी खुला आहे आणि अपडेटचे ॲप तेच बनवणारे मोफत देतात. लिनक्सच्या जगात २०१५ पासून सुरू असलेल्या एलव्हीएफएस या व्यवस्थेत उत्पादक आपले फर्मवेअर एकाच ठिकाणी जमा करतात आणि संगणक ते तपासून बसवतो. इच्छा असली, की मार्ग आधीच तयार आहेत.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी माहितीपत्रके, सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथे उपलब्ध करावी, हा त्यामागील उद्देश आहे. माझी सूचना अशी की, दुरुस्तीच्या या व्याख्येत ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्या जुन्या आवृत्त्यांचा स्पष्ट समावेश व्हावा, कारण आजच्या यंत्राचा स्क्रू आणि पट्टा जितका महत्त्वाचा, तितकीच ही फाइल महत्त्वाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तीत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही समावेश आहे. डिव्हाइस मॅनेजर न उघडताच ‘बोर्ड गेलं’ असे सांगून नव्या यंत्राची पावती फाडणाऱ्यांनी ही तरतूद एकदा वाचावी, आणि ग्राहकांनीही अशा वेळी तोंडी निदानावर न भागवता, काय तपासले आणि काय आढळले, ते लेखी मागावे. उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

आपल्या लेखात उल्लेख केलेल्या ई-कचरा संकलन शिबिरांच्या आयोजकांना एक विनंती आपल्यामार्फत करावीशी वाटते. शिबिराच्या मांडवात एक जुना लॅपटॉप, माहिती वाहून नेणाऱ्या तीन प्रकारच्या यूएसबी केबल (मिनी, मायक्रो आणि सी) आणि संगणकशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी बसवावा. आलेला रेकॉर्डर जोडून त्याचे क्रमांक दिसतात का, एवढे त्याने पाहावे. दिसले, तर त्यावर चिठ्ठी लावून तो दुरुस्तीच्या खोक्यात टाकावा आणि दुरुस्त झाल्यावर ज्या शाळेला किंवा संगीत वर्गाला हवा असेल, त्याला द्यावा. दिसले नाहीत, तर वेगळी केबल लावून पुन्हा एकदा पाहावे आणि मगच भंगाराच्या खोक्यात जाऊ द्यावा. कोणत्याही खोक्यात टाकण्याआधी रेकॉर्डरचे कार्डाचे झाकण उघडून पाहावे. फर्मवेअर गेले, तरी आतील कार्डावरचे मुद्रण सहसा जसेच्या तसे असते, आणि ते साध्या कार्ड रीडरने संगणकावर उतरवून मालकाला देता येते.

कळावे,

आपला नियमित वाचक,
संगणक व ध्वनिमुद्रण साधनांचा दुरुस्ती व्यावसायिक,
मिरज